चार नंबरची बोटुकली

सून : बाबा, शेवटचं विचारते. चार नंबरच्या पिंजऱ्यातून लहान मासे वेगळे काढलेत, ते ठेवलेत कुठे?

तांडेल : समुद्रात.

सून : दोन नंबरच्या पिंजऱ्यात ठेवायचे होते.

तांडेल : साहेबांनी तसंच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर बोट करून दाखवलं.

सून : मग?

तांडेल : मग मी मासे निवडायला बसलो. बोटभर मासा हाताला लागला की हात त्याला परत पाण्यात सोडतो. नावेवर चाळीस वर्षं तेच केलं. हात काही मला विचारायला आले नाहीत.

सून : म्हणून नऊशे बोटुकली सोडलीत? सगळीच्या सगळी?

तांडेल : अर्धी सोडल्यावर ध्यानात आलं.

सून : आणि उरलेली अर्धी?

तांडेल : त्यांनी काय पाप केलं होतं?

सून : हसू नका, बाबा.

तांडेल : हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे. तुझी सासू याच्यावरून लग्न मोडायला निघाली होती.

सून : साहेब जेवायला गेलेत. इथली कारकून म्हणून रिपोर्ट मलाच लिहायचाय, परत येईपर्यंत टेबलावर हवा म्हणाले. पिल्लं गेली कशी आणि कुणाच्या हातून, एवढंच लिहा, पुढचं कंपनी बघेल, म्हणाले.

तांडेल : बघेल म्हणजे मला घरी बसवेल.

सून : तुम्ही अजून कागदोपत्री उमेदवार कामगार आहात. काढायचं तर त्यांना कारणही द्यावं लागत नाही.

तांडेल : साठी उलटल्यावर उमेदवार. नवरामुलगा म्हणून दाखवायला नेल्यासारखं वाटतं.

सून : थट्टा पुरे. मासे पाळणाऱ्या या कंपनीतल्या नोकरीसाठी आपण नावेचा परवाना परत केला. एका नावेमागे एक नोकरी, असं ठरलं होतं. धक्क्यावर नाव करवतीनं कापली तेव्हा तुम्ही समोर उभे होतात.

तांडेल : उभा कसला? करवतीचं एक टोक मीच धरलं होतं. त्यांच्या माणसांना सरळ कापता येईना. वाकडं कापलेलं मला बघवत नाही.

(सून रिपोर्टचा कागद पुढे ओढते.)

तांडेल : बोल, बोल. थांबू नकोस.

सून : नावा कमी झाल्या, तसा तुमच्या मुलाचा बर्फाचा कारखाना बंद पडला. पाच महिने झाले, ते घरी भिंतीकडे बघत बसलेत. त्यात तुम्हीही बसलात तर भिंत पुरायची नाही. म्हणून मी ठरवलंय. जाळं फाटलं होतं, असं लिहिते.

तांडेल : जाळं नवंकोरं आहे.

सून : नवं फाटत नाही का?

तांडेल : फाटतं. पण जाळीवाला रोज सकाळी बुडी मारून सहाही पिंजरे तपासतो आणि 'जाळं ठीक' म्हणून वहीत सही ठोकतो. आजही ठोकली. जाळं फाटलं म्हणालीस तर माझ्याऐवजी तो घरी बसेल.

सून : त्यांची दोन मुलं कमावती आहेत.

तांडेल : कमावती आहेत, पण त्याच्यासाठी नाही. हे तूच मला सांगितलंस, आणि सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी होतं.

(जाळीवाला ओल्याचिंब कपड्यांनी दारात येऊन उभा राहतो.)

जाळीवाला : तांडेल, काम फत्ते. आता चिंता सोड आणि, काय म्हणतो मी, चहा सांग.

तांडेल : कसलं काम?

जाळीवाला : अरे, धक्काभर बोभाटा झालाय तुझ्या पिल्लांचा. म्हटलं, एका नावेवर आपण मिशा फुटेपर्यंत काढली, आता याचं नशीब फुटत असेल तर आपलं जाळं फुटायला काय जातंय? उतरलो पाण्यात, सुरीनं हातभर भोक पाडून आलो. साहेबांना म्हणावं, या, बघा. कुठला तरी दांडगा मासा आला, दात मारून गेला. काय म्हणतो मी, माशाला कोण नोटीस देणार?

सून : काका, सकाळी तुम्हीच 'जाळं ठीक' लिहिलंय.

जाळीवाला : सकाळी ठीकच होतं की. मी खोटी सही करत नाही.

तांडेल : कुठल्या पिंजऱ्याला पाडलंस?

जाळीवाला : तीन नंबरच्या.

तांडेल : पिल्लं चार नंबरची होती.

जाळीवाला : थांब, थांब. धक्क्याकडून मोजायचे, की समुद्राकडून?

सून : काका, तीन नंबरमध्ये विक्रीचे मासे आहेत. उद्या न्यायला गाडी यायचीय.

जाळीवाला : तरीच. भोक पाडताना छातीवर दोन-तीन ढुशा बसल्या. म्हटलं, पिल्लं एवढी अंगानं कशी भरली?

तांडेल : म्हणजे आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, ते बाहेर पडतायत.

जाळीवाला : रांगेत असतील तर वेळ लागेल.

तांडेल : जा आणि भोक शीव.

जाळीवाला : शिवायला साहेबांची चिठ्ठी लागते.

तांडेल : कापायला लागली नाही?

जाळीवाला : कापण्याचा नियम अजून निघालेला नाही.

तांडेल : चिठ्ठीचं मी बघतो. तू जाऊन भोकाचं तोंड आधी दोरीनं आवळ.

जाळीवाला : जातो. तांडेल, मी तुझ्या भल्यासाठीच...

तांडेल : ठाऊक आहे. जा.

सून : गेले. बाबा, आता मी काय लिहायचं?

तांडेल : दोन्ही माझ्या नावावर लिही. पिल्लंही आणि भोकही.

सून : भोक तुम्ही पाडलेलं नाही.

तांडेल : माझ्यासाठीच पडलं ना? शिवाय एका माणसाला दोनदा घरी पाठवता येत नाही. कंपनीचाही एक कागद वाचेल.

सून : मघाशी मी खोटं लिहीत होते तर अडवलंत. आता स्वतः सांगताय.

तांडेल : मघाशी तू दुसऱ्यावर ढकलत होतीस. मी अंगावर घेतोय. दोन्ही खोटीच, पण या खोट्यानं मला झोप लागेल.

सून : आणि उद्या सकाळी? परवाना गेला, नाव गेली, आता हेही.

तांडेल : उद्याचं मला माहीत नाही, सूनबाई. सकाळी उठून कुठे जायचं, हे मला आजवर कधी ठरवावंच लागलं नाही.

सून : मी साहेबांशी बोलते. हात जोडते.

तांडेल : बोल हवं तर. पण तुझी नोकरी सांभाळून. दोन नंबरचा पिंजरा कुठे आहे, हे घरात एकाला तरी कळायला हवं.

सून : इथे 'कामगाराचं म्हणणं' असा रकाना आहे. काय लिहू?

तांडेल : लिही, मासे लहान होते.

सून : एवढंच?

तांडेल : रकाना केवढा आहे?

सून : चार ओळींचा.

तांडेल : तीन कोऱ्या राहू देत. सही कुठे करू?

सून : इथे, खाली. ...बाबा, तिकडे कुठे निघालात? सही झाली. आता तुम्ही पिंजऱ्यांवर कामाला जाऊ शकत नाही.

तांडेल : कामाला कुठे चाललोय? जाळीवाल्याला हात दोनच. जाळं कुणीतरी ताणून धरायला हवं.