एक तारखेचा भूकंप

छप्पन साली उज्जैनच्या आमच्या नगररचनेच्या दफ्तरात काय घोटाळा झाला होता, ऐक. कच्छात मोठा भूकंप झालेला. तिथली गावं नव्यानं वसवायचा पंचवीस वर्षांचा नकाशा दिल्लीच्या सांगण्यावरून आम्ही काढत होतो. तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना आली. एक नोव्हेंबरपासून कच्छ मुंबई राज्यात, आपला मध्य भारत मध्य प्रदेशात आणि आमचं दफ्तर म्हणे भोपाळला, पण पक्का हुकूम काही येईना! नकाशा द्यायचा कोणाला, हे साहेबांनाही कळेना.

सामान बांधायची गडबड चालू असताना एक कच्छी बाबा आले. घर पडल्यापासून ते इथं उज्जैनजवळच भैरवगढला लेकीकडे राहत होते.

"भैया, नक्शे में मेरा घर किधर है?"

मी म्हटलं, "घर तो है बाबा, पर नक्शा किसके पास जाएगा, पक्का नहीं."

"और तुम्हारा दफ्तर?"

"उसका भी पक्का नहीं."

बाबांनी आडवी पडलेली कपाटं बघितली, व्हरांड्यात टेबलं टाकून बसलेली माणसं बघितली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "बेटा, यहाँ भूकंप कब आया?"

मी काही बोलायच्या आत साहेब म्हणाले, "अभी आया नहीं, बाबा. एक तारीख को आएगा."