वजनाचा रकाना

अहो साहेब, विसरेन कशी? अठरा वर्षं या लष्करी इस्पितळात जखमींच्या नोंदी ठेवतेय मी — आधी कागदावर, आता या डबड्यावर. तिकडे आघाडीवर जवानाला गोळी लागली, पट्टी बांधणाऱ्याने यंत्रावर बोट टेकवलं, की माणूस गाडीतून उतरायच्या आत त्याची जखम माझ्या पडद्यावर हजर! बसा ना, ऐसपैस बसा. पाय घ्या टेबलाखाली — नको नको, बाजूलाच बरे. चहा घेता? घ्याच.

तर एकाच जवानाची फाइल दोन महिने का अडली, हेच ना? सांगते की. वीस रकाने असतात. वीसही हिरवे झाले की यंत्र आपलं आपणच पत्र काढतं — ‘आघाडीवर परत पाठवा’. कुणाला विचारत नाही हो मेलं! आमच्या या शिट्टीबहाद्दराचे एकोणीस हिरवे आहेत, डॉक्टरांचासुद्धा. राहिलं वजन. आता वजनकाटाच दुरुस्तीला गेला, त्याला मी काय करू? अंदाजपंचे लिहू? खोटी नोंद? छे, माझ्या हातून नाही व्हायचं ते! — काय? बाकीच्यांची वजनं कालसुद्धा झाली? हो... म्हणजे तो काटा येऊन-जाऊन असतो हो दुरुस्तीला. भारी खोदून विचारता बुवा तुम्ही!

बरा दिसतो तो, नाही कोण म्हणतंय. खांद्याची जखम भरली, दिवसभर शिट्ट्या मारतो, नर्सबाईंना भंडावून सोडतो. पण परवा स्वयंपाकघरात थाळी पडली — नुसती थाळी हो — आणि हा खाटेखाली! अर्धा तास मी जमिनीवर बसून हात धरला, तेव्हा कुठे बाहेर आला. त्याला कुठला रकाना? दाखवा ना मला!

ती भिंतीवरची चौकट? उलटी लागलेली नाही, मीच लावलीय तशी. शाबासकीपत्र आहे — सगळ्यात जलद नोंदींचं. गेल्या वर्षी एका ड्रायव्हरचे वीस रकाने एका सकाळीत हिरवे केले मी. तोही असाच दचकायचा. नवव्या दिवशी त्याची फाइल परत आली, आणि भरायचा एकच रकाना होता — मृत्यूची वेळ. भरला मी. अजून घास गोड लागत नाही, साहेब. जाऊ दे, बिस्कीट घ्या.

अगंबाई! ते पायाशी लाल आकडे... सांगितलं होतं ना, पाय बाजूला ठेवा म्हणून! ते — ते पाय शेकायचं यंत्र आहे. बरं, नाही. वजनकाटाच आहे. लिहा काय लिहायचं ते. नोकरी गेली तर गेली, पण त्या पोराचं वजन मी भरणार नाही म्हणजे नाही... काय लिहिलंत? बघू. ‘काटा दुरुस्तीला. तीन आठवडे लागतील.’

...

तीन नको. सहा लिहा. आणि निघा बघू आता, चहा झाला ना तुमचा? दार ओढून घ्या जाताना.