तक्रार पोचल्याचे वाक्य

जबाब, दि. ३०/०७/२०२५

मी, जीवन सुंदरराव शेळके, वय ३४ वर्षे, धंदा ऑनलाइन सेवा केंद्र, रा. सिरसाळा, ता. परळी, जि. बीड. आज ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

गेल्या दिवाळीत मी 'गावपार' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आसपासच्या गावांतले लोक त्यावर जनावरांचा बाजार, नोकरभरती, सोयरीक अशा विषयांवर लिहितात. त्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. कोणते बटण दाबल्यावर पडद्यावर काय वाक्य यावे, हे चालवणाऱ्याला बदलता येते. त्यातले तयार मराठी भंगार होते. एखाद्या मजकुराची तक्रार केली की 'आपला अहवाल सादर झाला आहे' असे येई. बजरंग नावाचे माझे गिऱ्हाईक म्हणाले, "कशाचा अहवाल बे? मी काय तलाठी हाय का?" मला मराठीची हौस आहे. अकरा दिवस बसून मी सहाशेच्या वर वाक्ये आपल्या बोलण्यासारखी केली. तक्रारीसाठी असे लिहिले: 'तक्रार पोचली. आता निर्धास्त राहा. आमचा माणूस कामाला लागला आहे, मजकूर आजच निघेल.' आमचा माणूस म्हणजे मीच. दुसरा कोणी नव्हता व नाही. लोकांनी कौतुक केले, ते मला चढले.

पहिल्याच महिन्यात भावकीच्या भांडणांपायी लोक एकमेकांच्या साध्या मजकुरावरही तक्रारी करू लागले. मला दिवसाला चाळीस-चाळीस मेल येत. वैतागून मी ते मेल बंद केले. तक्रारी आतल्या पानावर साठत राहिल्या, ते पान मी उघडत नव्हतो. वाक्य मात्र काढले नाही. छान जमले होते, म्हणून काढले नाही.

दि. १८/०७/२०२५ रोजी दुपारी 'सोयरीक' विभागात खोट्या नावाच्या खात्यावरून रुद्राणी मन्मथप्पा मिटकरी, वय २१, हिचा फोटो व तिच्या चालचलणुकीबद्दल घाणेरडा, खोटा मजकूर टाकला गेला. खाते कोणाचे ते मला ठाऊक नाही. असलेली सर्व नोंद मी साहेबांना दिली आहे. मन्मथप्पांचे किराणा दुकान माझ्या केंद्रासमोर रस्त्यापलीकडे आहे. रुद्राणीचा साखरपुडा ३ ऑगस्टला ठरला होता. त्या दिवसांत माझ्याकडे पीकविम्याचे फॉर्म भरायला रांग होती, मी संकेतस्थळ पाहिलेच नाही.

दि. २६ रोजी मुलाकडच्या पाहुण्यांनी फोनवर सोयरीक मोडली. दि. २७ रोजी सकाळी रुद्राणी त्यांच्या शेतातील विहिरीत मयत मिळून आली. अंत्यविधीला मी होतो. तिथे लोकांच्या बोलण्यातून मला मजकुराचे समजले.

केंद्रावर येऊन मी आतले पान उघडले. तिच्या चौदा तक्रारी होत्या. कारण लिहायच्या जागी पहिल्या तक्रारीत 'हा माझा फोटो आहे, काढा' असे होते. चौथ्या तक्रारीत, 'आज निघेल म्हणालात.' नवव्या तक्रारीत, 'पाहुण्यांनी बघायच्या आत काढा, पाया पडते.' शेवटची २६ तारखेची होती. तिथे तिने काहीच लिहिले नव्हते.

तिची आई शिवकांताबाई मला म्हणाल्या, "मी म्हणले बापाला सांगू, तर पोरगी म्हणली, नको आई, त्यांचं उत्तर आलंय, काढायलेत ते." गावपार मी चालवतो हे तिला माहीत होते की नाही, सांगता येत नाही. नऊ दिवस मन्मथप्पा माझ्यासमोर गल्ल्यावर बसले होते. कोणी एक शब्द सांगितला असता तर दोन मिनिटांचे काम होते. तिने सांगितले नाही, कारण तिला उत्तर मिळाले होते. याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

साहेबांनी विचारले, "माणूसच नव्हता, तर माणूस कामाला लागला असं काहून लिहिलं?" वाचणाऱ्याला बरे वाटावे म्हणून लिहिले, एवढेच माझे उत्तर आहे.

मजकूर अद्याप तसाच आहे. पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावू नये व संकेतस्थळही बंद करू नये, अशी मला लेखी समज मिळाली आहे. काल सायंकाळी मन्मथप्पा रस्ता ओलांडून केंद्रात आले. बसा म्हटले तर बसले नाहीत. म्हणाले, "जीवन, आता तरी काढ बाबा ते. लोक अजून बघायलेत." मी म्हणालो, "अप्पा, आता मला काढता येत न्हाई." त्यांना ते खरे वाटले नाही. ते काउंटर धरून उभेच राहिले. शेवटी मीच त्यांना हाताला धरून पलीकडे सोडून आलो.

माझा हा जबाब मला मराठीत वाचून दाखविला. मी सांगितले तेच व तसेच त्यात आले आहे, म्हणून खाली सही करतो.

सही/-
जीवन सुंदरराव शेळके