तळ्याकाठची हाक

नाव: प्रशांत गणपत धुरी. वय: ४६ वर्षे. धंदा: नोकरी (माळी व पंपचालक). राहणार: तळ्याचा कंपाउंड, स्टाफ खोली क्र. ३, मदिनत सुलतान काबूस, मस्कत. मूळ गाव: पाट, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग. दिनांक ६ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९.४०. दुभाषी: नुमान. जबाब मराठीत सांगितला, मराठीत उतरवला. अरबी प्रत दुभाषी करतील.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी अकरा वर्षे कामाला असून बाग, तळे व पंप माझ्याकडे आहेत. कंपाउंडचा वॉचमन शरीफ अब्दुल्ला मुकादम, वय ५३, मूळ राहणार राजापूर, हा आठ वर्षे माझ्याच खोलीत राहतो. बदके मारल्याचा व्हिडिओ परवानगीशिवाय काढून पसरवल्याची त्याच्यावर तक्रार आहे व तो काल दुपारपासून चौकशीसाठी येथे आहे. तो व्हिडिओ शरीफने काढलेला नाही. मी काढला आहे.

चार वर्षांपूर्वी सत्तावीस नंबरच्या व्हिलातले साहेब देश सोडून गेले, तेव्हा हौसेने पाळलेली मोठ्या बदकांची जोडी त्यांनी तळ्यात सोडून दिली. इंग्रजी बोलणारे रहिवासी त्यांना गीझ म्हणतात, आम्ही कामगार बदकेच म्हणतो. तळ्याभोवती मांजरे फार. आमच्या गावी दिवेलागणीला कोंबड्या-बदके खुराड्यात घेतल्याशिवाय घरातले कोणी जेवायला बसत नाही. त्या सवयीने मी ती जोडी रोज संध्याकाळी पंपाच्या खोलीत घ्यायला लागलो. मादी अंड्यांवर बसली तेव्हा भोवती जाळी बांधली. हे मला कोणी सांगितले नव्हते. मांजरांवर सोडून दिले असते तर पहिल्याच वर्षी विषय मिटला असता. गेल्या महिन्यात चौतीस झाली होती. खोलीत मावेनात म्हणून तळ्यातल्या बेटावर झोपायची. म्हणजे ज्या उपद्रवाची तक्रार झाली तो मीच कुबूस रोटीचे तुकडे घालून वाढवला.

उपद्रव खोटा नव्हता. फुटपाथवर घाण पडायची. मी सकाळी पाइप लावून धुवायचो आणि दहा वाजेपर्यंत ये रे माझ्या मागल्या. नऊ नंबरमधल्या आजी त्यावरून घसरल्या व त्यांचे मनगट मोडले. एका नराने सायकलवरच्या मुलाची पोटरी धरली. रहिवाशांत दोन व्हॉट्सॲप ग्रुप झाले, एक काढा म्हणणाऱ्यांचा आणि एक ठेवा म्हणणाऱ्यांचा. दहा वर्षे एकत्र बॅडमिंटन खेळणारी माणसे एकमेकांना सलाम करीनाशी झाली. जानेवारीत क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. एक साहेब म्हणाले, कावळे आणि साळुंक्या मारायची सरकारी मोहीम चालते, मग यांचेच लाड कशाला? शरीफ तेथे फक्त खुर्च्या लावायला होता. तो दारातून म्हणाला, "साब, जानवर बोल नहीं सकता, हम लोग तो बोल सकते हैं. दूसरी जगह ढूँढो ना." सगळे मागे वळून बघू लागले. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होतो. मी वाटत राहिलो. आपण बरे नि आपले काम बरे, असा माझा स्वभाव आहे आणि त्याचा मला आजवर फायदाच झाला होता.

पक्षी पकडणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी दोन आठवडे पिंजरे लावले. बदके त्यांच्याकडे फिरकलीसुद्धा नाहीत, अनोळखी माणूस दिसला की बेटावर जायची. दिनांक २ रोजी दुपारी आमचे मॅनेजर ओमप्रकाश यांनी मला ऑफिसात बोलावले. ते म्हणाले, "प्रशांत, तेरे बुलाने से आते हैं. कल सुबह तू बुला. रुस्ताक के फार्म पे जा रहे हैं, खलास." मी विचारले, "पक्का रुस्ताक?" ते म्हणाले, "इन्शाल्ला." मी बरे म्हटले. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा आहे, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. ते दोघांनाही माहीत होते.

त्याच संध्याकाळी चौदा नंबरच्या सोनल मॅडमची मुलगी पूर्वा, वय ९, तळ्यावर आली. ती रोज यायची. माझी हाक तिला तोंडपाठ होती, आणि गंमत म्हणून मी तीच हाक मारली की बदकांच्या मागून तीही धावत यायची. ती म्हणाली, "काका, दे आर गोइंग टू रुस्ताक, राइट? तू मला बाय-बायचा व्हिडिओ पाठव. प्रॉमिस?" मी प्रॉमिस म्हटले.

दिनांक ३ रोजी सकाळी ६.५० वाजता मी पंपाच्या खोलीमागच्या जाळीच्या आवारात गेलो. माझी मुलगी साई गावी असते. तिला पाठवण्यासाठी मी रोज फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून बदके येताना व्हिडिओ घेतो. तसाच त्या दिवशीही ठेवला. नंतर ठेकेदाराची गाडी आवाराच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. गाडीचे दार उघडे होते. आत पिंजरे नव्हते. झाकणाची निळी पिंपे होती, सहा. हे मी हाक मारण्याच्या आधी पाहिले, मागाहून नव्हे. पिंपातून बदके रुस्ताकला जात नाहीत एवढे मला कळते. तरीही मी डबा वाजवला आणि हाक मारली, "येवा गो, येवा... ती ती ती." तेहतीस आली. एकमेकांना ढकलत आली. एक मादी अंड्यांवर होती, ती आली नाही.

फाटक लावल्यावर मी तोंड तळ्याकडे केले. पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. आवाज सुरू झाल्यावर काही बदके माझ्या पायांशी येऊन उभी राहिली. ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना माझ्या पायांशीच धरले. फोन जिथे ठेवला होता तिथेच होता. सगळे मिळून अकरा मिनिटे लागली. नंतर मी आवार धुतले.

७.२० वाजता मी तो व्हिडिओ सोनल मॅडमच्या फोनवर पाठवला. पाठवण्यापूर्वी पाहिला नाही. हाकेपर्यंतचाच असेल, पुढे बंद झाला असेल, असे मी स्वतःला सांगितले. मुलीला शब्द दिला होता, तो पाळून मला मोकळे व्हायचे होते. शाळेची बस यायची होती. फोन पूर्वाच्या हातात होता. तिने तो शेवटपर्यंत पाहिला.

सोनल मॅडमनी संतापून तो दोन्ही ग्रुपवर टाकला. कोणी दिला ते सांगितले नाही. त्यांनी मला बोलावून एवढेच विचारले, "पाठवायच्या आधी बघायचं तरी होतंत ना, प्रशांतभाऊ?" व्हिडिओत ठेकेदाराच्या दोन माणसांचे चेहरे दिसतात, त्यामुळे तक्रार झाली. मीटिंगमध्ये बोलला म्हणून संशय शरीफवर आला. ओमप्रकाश साहेब मला म्हणाले, "तूने तो बस बुलाया. वीडियो शरीफ का होगा. तू चुप रह." मी गप्प राहिलो. दिनांक ४ व ५, दोन दिवस. व्हिडिओतली हाक कोणाची आहे ते कंपाउंडमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. शरीफला तर सर्वांच्या आधी कळले असणार, आठ वर्षे शेजारच्या खाटेवर झोपतो. त्याने माझे नाव घेतले नाही. त्याची मुलगी मुस्कान बाळंत व्हायची आहे, अकरा तारखेचे त्याचे तिकीट आहे, तीन वर्षांनी घरी चालला होता. काल रात्री मी एकट्याने भात शिजवला आणि दोघांचा झाला. आज सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात तो बाकावर बसलेला दिसला. मला बघून म्हणाला, "परशांत, जेवलास काय?" मला त्याची लाज वाटली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

ठेकेदाराच्या माणसांविरुद्ध माझी तक्रार नाही. ते त्यांचे काम करत होते. त्यांच्या हाकेला एकही बदक आले नसते.

व्हिडिओतला आवाज ओळखण्यासाठी सोनल मॅडम व पूर्वा यांना आज दुपारी चार वाजता बोलावणार असल्याचे मला सांगण्यात आले. माझी विनंती आहे की मुलीला ते पुन्हा ऐकवू नये. काल ती बसमधून उतरताना मी तिला नेहमीसारखी हाक मारली. ती आली नाही, आईच्या मागे गेली. तिला आवाजाची ओळख पटली आहे, आणखी पटवायची गरज नाही. आवाज हवा असेल तर मी इथेच हाक मारून दाखवतो, असे मी म्हणालो. जबाब घेणाऱ्या ठाण्याच्या साहेबांनी परवानगी दिली. मी खुर्चीवरून उठून दोनदा हाक मारली. साहेबांनी फोनमधला आवाज आणि माझा आवाज लागोपाठ ऐकून तोच असल्याची नोंद केली. चार वाजताचे बोलावणे रद्द केले. शरीफला त्याचा जमा करून घेतलेला फोन परत देण्यास सांगितले.

हा जबाब नुमान यांनी मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. "येवा गो"पाशी ते थांबले व तेवढे सोडून पुढे वाचू लागले. तेही वाचा, असे मी सांगितले. त्यांनी वाचले. मी सांगितले तसेच आहे.

सही: प्रशांत गणपत धुरी