आवाज आत गेल्यावर

वहिनी : हललं! ताई, आत्ता मशीनवरची रेघ हलली. मी डोळ्यांनी बघितलं.

तंत्रज्ञ : हलली, वहिनी. कालही हलली होती. कानात टकटक वाजली की सुरुवातीच्या या बारक्या लाटा येतात. कान शाबूत आहे, आवाज मेंदूच्या बुडापर्यंत जातो.

वहिनी : मग झालं तर!

तंत्रज्ञ : पुढे बघा. वरच्या मेंदूने आवाज घेतला की इथे उंच लाटा यायला हव्यात. इथे सपाट आहे.

वहिनी : टकटक कोण ऐकत बसणार? माझी हाक लावा. काल भरून घेतलीत ना?

तंत्रज्ञ : मघाशी तीच लावली होती. “अहो, ऐकलंत का?” परत परत.

वहिनी : तरी सपाट?

तंत्रज्ञ : तरी.

वहिनी : घरीसुद्धा पहिल्या हाकेला या माणसाने कधी ओ दिली नाही. पेपरातून डोकं वर काढायला चार हाका लागायच्या. हसा, हसलात तरी चालेल.

तंत्रज्ञ : नाही हो.

वहिनी : औषधानेच असेल. हाताला लावलेली ती औषधाची नळी अजून चालू आहे. भाऊजी म्हणाले, अफूच्या जातीचं आहे. यांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, त्यांना अफू! गुंगी येणारच.

तंत्रज्ञ : झोपेच्या औषधाने लाटा दबतात. ते रविवारी बंद केलं, केव्हाच उतरलं. आता नळीतून जातंय ते दुखणं मारायचं. याने कान झोपत नाही. ऑपरेशनला नुसतं हेच दिलं तर पेशंट आतून जागा राहील, अशी आम्हाला भीती असते. लाटा जवळजवळ तशाच राहतात.

वहिनी : जवळजवळ म्हणालात. म्हणजे तसूभर तरी दबत असतील. ते बंद करा आणि मग लावा माझी हाक. संध्याकाळी डॉक्टर मला विचारणार आहेत, श्वासाचं मशीन काढायचं का. मी कशाच्या जोरावर सांगू?

तंत्रज्ञ : डॉक्टरांना विचारून बंद करता येईल. पण छातीला ताजे टाके आहेत, घशात नळी आहे. त्रास होईल.

वहिनी : कोणाला?

तंत्रज्ञ : वहिनी...

वहिनी : आत कोणी ऐकत नाही म्हणता. मग त्रास कोणाला होणार? सांगा ना, ताई!

तंत्रज्ञ : ते मला नाही सांगता येत. माझं मशीन दुखणं दाखवत नाही. हाकेचं सांगते. औषध बंद केल्याने ही रेघ उठेल असं मला वाटत नाही. ऑपरेशननंतर हृदय थांबलं, मेंदूला रक्त मिळालं नाही, तेव्हाच जे व्हायचं ते झालं. तुमच्याशी खोटं बोलवत नाही मला.

(वहिनी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसते.)

वहिनी : औषध चालू राहू दे.

तंत्रज्ञ : नक्की?

वहिनी : आशा मेली सुटत नाही हो. पण माझी खात्री पटावी म्हणून यांना दुखवू? आत एवढेसे जरी उरले असतील, तरी नको. संध्याकाळी मी हो म्हणेन. फक्त मशीन काढताना हे औषध थांबवू नका म्हणावं.

तंत्रज्ञ : सांगते. मी स्वतः सांगते.

वहिनी : डोक्याला चिकटवलेल्या या वायरी आता काढणार ना?

तंत्रज्ञ : हो.

वहिनी : हळू काढा हं. केस ओढलेले त्यांना मुळीच चालत नाहीत.