छप्पर उघडलं, बंद होईना

नाही हो, उचलायचं नाहीये. उचललेलं आहेच, दिसतंय ना समोर — खाली आणायचंय. तुम्ही फक्त एका बाजूने लोंबकळायचं, बाकी माझं मी बघतो. वजन किती तुमचं, पंचाहत्तर? लाजताय कशाला, तुम्ही बसलात तेव्हा या बाकाने सांगितलं मला. मला देवाने अठ्ठावन्नच दिलेत, तिथेच सगळा घोळ झालाय. दातवाल्याकडे आलात ना? आत कोण, बायको? अक्कलदाढ? मग तासाभराची निश्चिंती. आ करून बसलेली बायको म्हणजे — जाऊ दे, ओळखदेख नाही आपली, पहिल्याच भेटीत बायकोवर विनोद नको. दोन मिनिटं दम खातो आणि मग जाऊ. वीस मिनिटं एकटा लटकतोय त्या छपराला, येणारेजाणारे बघून हसतायत. एक बाई तर लेकराला म्हणाली, असं नाही हं करायचं.

मोठ्याने बोलतोय का मी? सांगा हं तसं असलं तर. पत्र्याच्या प्रेसवर तीस वर्षं काढली, दर चार सेकंदांनी धाड — एक कान तिथेच ठेवून आलो, दुसरा अर्ध्या पगारावर आहे. कंपनीत मला भोंगा म्हणायचे. आता मात्र हळू बोलायला शिकलोय. हे काय, कुजबुजतोच आहे.

तर तो ट्रक माझा. त्याच्या पाठीवर जी खोली दिसतेय ती मीच बसवलीय — दोन माणसांचा बिछाना, शेगडी, बेसिन, सगळं आहे. तिचं छप्पर प्रवासात खाली बसलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की ते वर उचलायचं, मधे कापडाच्या भिंती ताणल्या जातात, आणि मग आत माणसाला ताठ उभं राहता येतं. सव्वीस वर्षं आम्ही दोघं त्यातून हिंडलो. सुट्टी मिळाली की निघालो. पुढची बाजू माझी, मागची तिची. पुढून मी म्हणायचो, एक, दोन, तीन — आणि ती दोनवर उचलायची. दर वेळी. सव्वीस वर्षं! मी तीनवर, ती दोनवर. छप्पर आधी मागून वर, मग पुढून, नमस्कार घातल्यासारखं. मी म्हणायचो, अगं, दोनवर उचलायचं असतं तर माणूस तीन म्हणेल कशाला? ती म्हणायची, दोनवर कळलं ना उचलायचंय, मग तीनची वाट कशाला बघायची? तुमचीही असलंच काही करते? करतच असणार.

आता ती दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी, कुंड्या आहेत ती — बघू नका तिकडे. बघू नका म्हटलं की बघायचंच का? तिथे माझी मेव्हणी राहते. आणि चार महिने झाले, माझी बायकोही तिथेच राहते. भांडणबिंडण नाही हो. खांदा दुखावला तिचा. म्हणजे काय झालं, छप्पर उचलताना ती घसरली, ओलं गवत होतं, छपराची तिची बाजू खाली आली आणि खांदा निखळला. हाडाच्या डॉक्टरने बसवला, पण हात अजून खांद्याच्या वर जात नाही. म्हटलं बहिणीकडे राहा थोडे दिवस, आराम पडेल. थोडे दिवस म्हणजे चार महिने. आराम इतका पडला की माझा फोनही घेईना.

मग मी विचार केला — माणूस रिकामा बसला की विचार करतो, ती एक वाईट सवय — म्हटलं हे छपराचं खूळच मोडून काढू. तिला उचलायलाच लागू नये असं काहीतरी करू. तुमच्या गाडीच्या डिकीला दोन काळे दांडे असतात बघा, डिकी वर धरून ठेवतात? आत गॅस कोंबलेला असतो, तोच झाकण वर ढकलतो. तसले चार बसवायचे, पुढे दोन, मागे दोन. छप्पर एका बोटाने वर! पण किती जोराचे घ्यायचे? छपराचं वजन कळायला हवं. मग आणला न्हाणीघरातला वजनकाटा, तिचाच, जाताना घरीच राहिला — विसरली की माझ्यावर लक्ष ठेवायला ठेवला, देव जाणे — तो जॅकवर ठेवून छपराखाली सरकवला. पुढचं टोक बेचाळीस किलो, मागचं एकावन्न. त्याहून जरा कमी जोराचे दांडे घ्यायचे, म्हणजे उघडताना आपण थोडं ढकलायचं, बंद करताना थोडं ओढायचं. हिशेब चोख होता माझा. दांडे आधी उलटे बसवले, ते खरं. त्यातली नळी वर आणि सळई खाली हवी, नाहीतर तोंडाशी तेल पोचत नाही, तिथलं रबर सुकतं आणि गॅस निसटतो. मग गुपचूप सुलटे केले. बघायला कुणी नव्हतं — एकटं राहण्याचा हा फायदा. हा एकच. पण बसवल्यावर काय सांगू तुम्हाला — दहादा उघडलं, दहादा बंद केलं, लोण्यासारखं. एकट्यानेच शेडमध्ये टाळ्या वाजवल्या.

तर आज आणला ट्रक इथे. बाल्कनीच्या बरोबर खाली लावला, मेव्हणीच्या फोनवर फोन केला, म्हटलं तिला म्हणावं पाच मिनिटं बाहेर ये, एवढंच बघ. कारण आता गोष्ट गळ्याशी आलीय हो. गेल्या रविवारी साडू आला घरी, तिची पेटी न्यायला. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, या छपरावर बांधलेली असायची ती, लांबलचक. तिच्या दोन घडीच्या खुर्च्या त्यात, तिची छत्री, चित्रांचं सामान, कसले कसले गोळा केलेले दगड. माणूस कपडे नेतो तेव्हा बहिणीकडे राहायला जातो. प्रवासाची पेटी नेतो तेव्हा — कळलं ना? साडूने दोर सोडले, मी शेजारी उभा राहून दोर गुंडाळून दिले त्याला. माझ्या हातांनी. म्हणून म्हटलं, आज ती खाली आली तर आली.

आली बाल्कनीत. हाताची घडी घालून उभी — एकच हात घडीत, दुसरा नुसता सोबतीला. मी चारी खिट्ट्या काढल्या, एक बोट छपराला लावलं, आणि — फाट्कन! तोफेतून सुटल्यासारखं वर गेलं, कापडाच्या भिंती फाटायच्या बाकी राहिल्या, माझी टोपी त्या गटारात. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही मी, जणू असंच ठरलं होतं. वर बघून म्हटलं, बघ, एका बोटाने. तर ती काय म्हणाली माहितीय? म्हणाली, "छान. आता बंद करून दाखवा." आणि गेली आत. तेव्हापासून लटकतोय. पुढची बाजू खाली आणली की मागची तशीच, मागची आणली की पुढची हसत वर. एकट्याने उघडावं म्हणून दोन महिने खपलो, आणि आता बंद करायला दोन माणसं लागतायत. हसा, हसा, मीही हसलो असतो. पण काही केल्या कळत नाहीये. तेच छप्पर, तेच दांडे, लोण्यासारखं बंद होत होतं, आणि मधे तर कुणी हातही लावला नाही, फक्त साडूने पेटी —

पेटी. अरे देवा.

पेटी वर होती हो वजन केलं तेव्हा. तिचे ते दगड, खुर्च्या — पंचवीस-तीस किलो सहज. तरीच मागचं टोक जड भरलं. दांडे मी पेटीसकट छप्पर उचलायला घेतलेत, आणि पेटी गेली. आता हे बसणार कसं? तिचं सामान वर असल्याशिवाय हे छप्पर खाली येणारच नाही. तीस वर्षं मशीनवर काढली आणि एवढं लक्षात आलं नाही माझ्या. गाढव म्हणा मला. म्हणा, ओळख नसली तरी चालेल.

काय? वर काय दाखवताय? कबूतर असेल, मेव्हणी दाणे घालते त्यांना. ऐका. आता तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार मला, पुन्हा कुठे भेटणार आपण. ते गवत ओलं नव्हतं. आठवडाभर ऊन होतं कडकडीत. त्या दिवशी तिने परत दोनवर उचललं, आणि मी आधीच वैतागलेलो, रस्ता चुकलो होतो आणि तिने तो आधी सांगितला होता — ते एक अजून वेगळंच दुखणं. मी म्हटलं, एवढं कळतंय तुला तर उचल एकटीच. आणि सोडले हात. दोन्ही. सटकले नाहीत, सोडले. छप्पर तिच्या बाजूला कलंडलं. आवाज — प्रेसचा आवाज तीस वर्षं ऐकलाय मी, पण तिचा तो आवाज या अर्ध्या कानात अजून आहे. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं कसं झालं, तर तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, घसरली ती, ओलं गवत होतं. मग मेव्हणीला तेच, साडूला तेच. इतक्यांदा सांगितलं की मलाच गवत ओलं दिसायला लागलं. साडू तिला म्हणतो, ताई, चपला जरा पकडीच्या घेत जा. मेव्हणीने न घसरणारे बूट आणून दिले तिला. ती घालते ते. चार महिने घरातल्या घरात ते बूट घालून फिरतेय, माझ्यामुळे.

एकदाच बोलली ती यावर. म्हणाली, "छप्पर पडलं त्याचं राहू दे. पण कोण घसरलं ते एकदा सगळ्यांना नीट सांगा." एवढंच मागितलं हो तिने. एक वाक्य. आणि मी काय केलं? गॅसचे दांडे बसवले. भोकं पाडली, वजनं केली, नट आवळले, दोन महिने घातले — त्या एका वाक्यापेक्षा ते सोपं वाटलं मला. लाज वाटते. खरंच वाटते. मी हात सोडले होते, ती घसरली नव्हती, हे तिच्या बहिणीसमोर बोलायला माझी जीभ —

काय झालं? तोंडावर बोट कशाला ठेवताय? मी हळूच तर —

अरे बापरे. तिघंही बाल्कनीत. कधीपासून उभी आहेत ही तिघं तिथे? गवतापासून? पेटीपासून? अहो मग सांगायचं ना मला, भोंगा बंद कर म्हणून — सांगत होतात, हो, कबूतर म्हणालो मी. साडूचं तोंड बघा. मेव्हणी कुंडी फेकून मारेल आता, बरोबरच आहे तिचं, मारू दे. पण ही कुठे गेली? आत्ता मधे उभी होती. आत गेली. संपलं. चला, उठा, तुम्हीही उठा, लोंबकळून घेऊ आणि मी जातो घरी, उघडं छप्पर घेऊन जाता येत नाही रस्त्याने. तुम्ही मागून धरा, तो पट्टा आहे ना, तो. मी पुढून. तीन म्हटलं की ओढायचं, बरं का, तीनवर. एक —

थांबा. जिन्याचं दार वाजलं.

ती बघा. अनवाणीच आलीय हो. बूट नाही घातले. रस्ता तापलाय, आणि — नाही, माझ्याकडे बघत पण नाहीये, सरळ ट्रककडे निघाली. मागच्या बाजूला. अगं, राहू दे, हात तुझा — हो, वर जात नाही, पण हे ओढायचंच तर आहे. खाली. ते येतं तुला? बरं. येतं म्हणतेय. पेटीचं — पेटीचं नंतर बघू म्हणतेय. नंतर, असंच म्हणाली ना ती? तुम्ही पण ऐकलंत?

अहो, पट्टा सोडा तुम्ही. सोडा म्हणतो ना, ती बाजू तिची आहे. जा, तुमची मंडळी आली बघा गाल धरून, तिला घरी न्या, दिवसभर बोलू नका तिच्याशी, बोललात तर खरं बोला. जा आता. आणि तू — हो. हो, दोनवर. दोनवरच. एक. दोन.