सातवी रेघ

एमोरुत : अशी नाही.

अगुती : काय झालं, पापा? बसले की मी.

एमोरुत : मोटरसायकलची एकाच बाजूची स्प्रिंग वाजली. आडवी बसलीस तू.

अगुती : अगंबाई, हो की! तुम्ही ‘बस’ म्हणालात आणि सवयीनं...

लोईस : हसू नकोस तिला. जन्मभर दुसऱ्याच्या मागे बसलेली पोर. मी नाही बसले आठ वर्षं तुझ्यामागे? दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर कोंबडी.

एमोरुत : मागच्यानं कसंही बसावं. चालवणाऱ्याला दोन बाजू लागतात. उतर. पाय पलीकडे टाकून बस.

अगुती : बसले.

एमोरुत : आता दोन्ही वाजल्या. पाय टेकतात?

अगुती : चवडे टेकतात. टाचा नाही.

एमोरुत : पुरे. शिकलीस किती दिवस?

अगुती : चार. मामेभावाच्या गाडीवर, शाळेच्या मैदानात. वळता येतं. थांबताही येतं. म्हणजे, बहुतेक वेळा.

लोईस : बहुतेक वेळा! ऐकलंस ना, डॉक्टर? आणि ही सोमवारी दलदल ओलांडणार.

अगुती : ओलांडावीच लागेल, तोतो. आईसारखी काळजी करताय, कळतं मला. दवाखान्यातून लसींची पेटी सोमवारी सकाळी हातात येते. दुपार झाली की आतला बर्फ पाणी. सायकलनं दोनदा निघाले मी. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून पेटी तशीच परत आणली. दलदलीपलीकडे ओबुकेतच्या बाया पोरं घेऊन झाडाखाली बसल्या होत्या म्हणे, संध्याकाळपर्यंत.

एमोरुत : पेटीचा डावा पट्टा तारेनं बांधलाय अजून?

अगुती : हो. तुम्हाला कसं माहीत?

एमोरुत : तार माझी आहे.

लोईस : ह्याच पेटीमुळे लोक ह्याला डॉक्टर म्हणायला लागले. सुई टोचतो तो डॉक्टर. आमच्या पेदूनला शाळेत विचारायचे, तुझा बाप डॉक्टर, मग तू अनवाणी कसा?

एमोरुत : तीन वर्षं दलदलीपलीकडच्या तीन गावांत पेटी गेली नाही. मी थांबलो म्हणून.

लोईस : तू थांबलास? काचबिंदूनं थांबवलं तुला. सोरोतीच्या दवाखान्यात मी शेजारी बसले होते. तो पोरगेला डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही. तू त्याला काय विचारलंस? रात्रीची चालवता येईल का!

एमोरुत : रात्री कुणाला दिसतं? बरं, अगुती, गाडी विकण्याची माझी अट दवाखान्यातल्या तुझ्या साहेबांनी सांगितली ना?

अगुती : सांगितली. गाडी इथून ढकलत न्यायची नाही, बोकडासारखी ट्रकवर चढवायची नाही. चालू करायची आणि चालवत न्यायची.

लोईस : तुझ्याआधी तिघं आले होते. किक मारून मारून घामाघूम. एकाच्या बुटाचा तळवा निघाला. आणि हा पायरीवर बसून म्हणतोय, खोलायचं काही नाही, नुसती चालू करा. नुसती! मागच्या चाकावर वाळवी चढलीय, सीटमध्ये उंदीर व्यायलेत.

एमोरुत : हिला खोलू देणार आहे मी.

लोईस : का? हिनं काय मंत्र टाकला?

एमोरुत : त्या तिघांना गाडी हवी होती. हिला ओबुकेतला जायचंय. तू तुझे तीळ पाखड.

लोईस : पाखडतेच आहे.

एमोरुत : अगुती, पायाशी हत्यारांचा डबा आहे. टाकीचं झाकण उघड. आधी वास घे.

अगुती : ई! हा पेट्रोलचा वास नाही. जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतोय.

एमोरुत : तीन वर्षांत पेट्रोल मरतं. सगळं काढून टाक. नवीन आणलंयस?

अगुती : सोड्याच्या दोन बाटल्या भरून. थांबा, ही छपराला खोचलेली नळी घेते, ओढून काढता येईल.

लोईस : ए, ती नको! ठेव ती, ठेव!

अगुती : का? काय झालं?

लोईस : ती ह्याची आजोन प्यायची नळी आहे, नाचणीची दारू ओढायची. ह्यानंही एकदा असाच शहाणपणा केला होता. पेट्रोल ओढलं, नळी धुतली, संध्याकाळी मडक्याभोवती जाऊन बसला. पहिल्याच घोटाला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मडकं आणि नळ्या आठ, वास सगळ्यांच्या तोंडात. चार महिने कुणी शेजारी बसू देत नव्हतं.

एमोरुत : तीन महिने. आणि ती नळी वेगळी होती, ही नवीन. तरी नको. टाकीखाली रबरी नळी आहे, ती उपटून खाली डबा धर.

अगुती : चहासारखं तांबडं येतंय. खाली गंज बसलाय.

एमोरुत : येऊ दे. मूठभर बारीक खडे आणि थोडं नवीन पेट्रोल टाकून टाकी हलव. मग तेही ओत. आता कार्बोरेटर. इंजिनच्या मागे, मुठीएवढा. त्याच्या तळाला वाटीसारखं आहे, दोन स्क्रू. वाटीत काय दिसतं?

अगुती : चिकट, पिवळं. उन्हात ठेवलेल्या मधासारखं. मधल्या पितळी तुकड्याचं भोक बुजलंय.

एमोरुत : ते भोक महत्त्वाचं. तार घालू नकोस.

अगुती : भोक मोठं होईल म्हणून?

एमोरुत : कुणी सांगितलं?

अगुती : कुणी नाही. सुईच्या बाबतीतही तसंच असतं, म्हणून.

एमोरुत : हं. केरसुणीची एक काडी घे. झालं की ते उजेडाकडे धरून बघ.

अगुती : दिसतोय. इवलासा गोल. त्यातून तोतो दिसतायत.

लोईस : मी? एवढ्याशा भोकातून? चांगली दिसतेय का?

अगुती : तीळ पाखडताना दिसताय.

एमोरुत : सगळं जागेवर लाव. आता प्लग. लांब नळीचा पाना असेल डब्यात.

लोईस : प्लग कशाला? प्लग ठीकच असेल. चेन बघा आधी, कशी लाल झालीय. आणि उन्हात बसलीय पोर कधीची, पाणी तरी पिऊ दे तिला.

एमोरुत : पिईल. काढलास?

अगुती : निघाला.

एमोरुत : टोक कसल्या रंगाचं?

अगुती : काळं. काजळी धरलीय. आणि पांढऱ्या भागाला चीर आहे, केसाएवढी.

एमोरुत : आता पान्याची पकड बसते त्या सहा कडा बघ. माझ्या रेघा असतात तिथे. नवा प्लग लावताना मी कानशीनं रेघा ओढतो, कितवा आहे तेवढ्या. लसीच्या कार्डावर डोस लिहितो तसं. सहाव्यापर्यंत एका कडेला एक. सातव्याला पहिल्या कडेवर दुसरी.

अगुती : एक, दोन... सहा. प्रत्येक कडेवर एकेक.

एमोरुत : दोन रेघांची कड नाही?

अगुती : नाही, पापा. तीनदा फिरवून पाहिलं.

एमोरुत : म्हणजे हा सातवा नाही, सहावा. सहावा मी स्वतः काढला होता, चीर गेली म्हणून. तंबाखूच्या रिकाम्या डब्यात टाकला. डब्यातून गाडीत तो आपल्या पायांनी गेला नसणार. पेदूनची आई.

लोईस : काय?

एमोरुत : सूप थांबलंय तुझं.

लोईस : ...हात दुखले.

अगुती : मी पाणी पिऊन येऊ का?

लोईस : बस, पोरी. कुठे जाऊ नकोस. ऐकलंस तर बरंच होईल, तूच सांग मग कोण चुकलं. हो, मीच बदलला. सोरोतीहून आल्यावर दोन महिन्यांनंतरची गोष्ट. पहाटे जाग आली तर हा शेजारी नाही, आणि बाहेर गाडीचा आवाज. पळत गेले तर हा गाडीवर. हापशाच्या वाटेनं चाललाय, मान वाकडी करून, कोंबडा ऐकतो तसा. पाण्याला आलेल्या बाया पोरांना ओढून कडेला घेतायत. हा हापशापर्यंत गेला, वळला, परत आला.

एमोरुत : कुणाला धक्का लागला नव्हता.

लोईस : लागला नव्हता. आणि तू हसत होतास. लग्नात हसला नसशील असा. त्या हसण्याची मला भीती वाटली. पडला असतास तर मी ओरडले असते, मोकळी झाले असते. हसत आलास, म्हणजे उद्या पुन्हा जाणार. मग मी नाक्यावरच्या पोराला विचारलं, एकच वस्तू काढली तर गाडी अडेल अशी कुठली? त्यानं बसवून दिला हा फुटका. चांगला माझ्याकडे आहे.

अगुती : पण मग ते तिघं आले तेव्हा?

लोईस : तेव्हाही गप्प बसले. रोज संध्याकाळी हा त्या गाडीवर जाऊन बसतो. क्लच दाबतो, सोडतो. मला चुलीपाशी ऐकू येतं. गाडी विकली असती तर हा बसला कुठे असता? म्हटलं, चालू नको, पण राहू दे.

एमोरुत : मला माहीत होतं.

लोईस : काय माहीत होतं?

एमोरुत : पहिल्याच आठवड्यात. रेघ नखाला कळते.

लोईस : तीन वर्षं? तीन वर्षं तुला माहीत होतं, आणि मी चोरासारखी घरात हिंडतेय! बोलला का नाहीस?

एमोरुत : बोललो असतो तर तू प्लग दिला असतास.

लोईस : मग?

एमोरुत : मग मी पुन्हा गेलो असतो. मलाही भीती वाटली होती, लोईस. हापशापाशी एक लहान पोर रडलं, अगदी डाव्या पायाशी. किती जवळ होतं, मला कळलं नाही. फुटका प्लग होता म्हणून घरात राहिलो. नाहीतर मला स्वतःला ‘नको’ म्हणावं लागलं असतं, आणि ते मला जमत नव्हतं.

लोईस : असला माणूस. आणि त्या बिचाऱ्यांना किका मारायला लावल्या.

एमोरुत : एकाला ती पोरांना शर्यतीसाठी भाड्यानं द्यायची होती. बरं झालं बूट फाटला. जा, आण.

अगुती : तोतो, मी आणू का? कुठे आहे?

लोईस : मीच आणते. तिळाच्या मडक्यात आहे, तळाशी, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. तिथे ह्याचा हात जात नाही. आळशी आहे.

अगुती : पापा, तुम्हाला खरंच विकायची आहे ना? नको असेल तर मी साहेबांना सांगेन, चालू झाली नाही म्हणून. कुणाला कळणार नाही.

एमोरुत : आणि सोमवारी?

अगुती : सोमवारी... सायकल.

एमोरुत : ओबुकेतच्या अलीकडे लव्हाळ्याचा वास यायला लागला की गाडीवरून उतर. तिथे चाकाखाली माती धरत नाही. ढकलत ने, डावीकडून, उजवीकडे खोल आहे. पलीकडे चिंच लागते. त्या बाया तिथेच बसतात. हे लिहून घे.

अगुती : घेते.

लोईस : हा घे. दोन रेघांची कड आहे, पाहून आणला. आधी ह्याच्या हातात दे, नाहीतर रात्रभर कुरकुरेल.

एमोरुत : ...हो. हाच. तिळाचा वास येतोय. लाव, अगुती. आधी हातानं फिरव, पाना शेवटी. अर्धा फेरा, बस.

अगुती : बसला. पेट्रोल सुरू केलं. चोक ओढला. गिअर नाही.

एमोरुत : आता घाई नको. किक हळू दाब, जड लागेल तिथपर्यंत. तिथून मार.

अगुती : नाही धरत.

एमोरुत : तीन वर्षं झोपलीय. पुन्हा.

अगुती : आत्ता खोकली!

लोईस : खोकली, खोकली! मार पोरी!

(चौथ्या किकला इंजिन धरतं.)

एमोरुत : चोक सोड... अजून. एक्सलेटर पिळू नकोस, तिचं तिला ठरवू दे. असं. वरून टिकटिक येतेय ती वॉल्व्हची, पुढच्या महिन्यात बघू. जा, हापशापर्यंत. वळ आणि ये.

अगुती : एकटी?

एमोरुत : सोमवारी किती जणी असणार आहात?

लोईस : क्लच हळू सोड गं. हा असाच बंद पाडायचा पहिल्यांदा. गेली! गेली बघ. पाय अजून खाली घासतेय.

एमोरुत : पहिल्यातच आहे. बदल... बदल की... हं. दुसरा टाकला. दिसतेय तुला?

लोईस : दिसतेय. शेळ्या आल्यात आडव्या. थांबली.

एमोरुत : ऐकलं. बहुतेक वेळा थांबते म्हणाली होती.

लोईस : निघाली पुन्हा. ए, तू ओठ का चावतोयस?

एमोरुत : नाही चावत. संध्याकाळी मी बसायचं कुठे, ते बघत होतो.

लोईस : माझ्यापाशी. दुसरं सूप आहे घरात. नखाला रेघ कळते तर तिळातला खडाही कळेल.

एमोरुत : आणि दर सोमवारी परतताना तिनं इथे थांबायचं. उतरायचं नाही. नुसता आवाज ऐकवून जायचं. सांगशील तिला?

लोईस : तूच सांग. गप्प राहून झालं ना आपलं तीन वर्षं.

एमोरुत : हापसा आला. वळतेय... आवाज पडला. बंद पडली?

लोईस : नाही, नाही. मोठं वळण घेतलंय, पार कासाव्याच्या शेतातून. आता सरळ आली. बाया हात हलवतायत.

एमोरुत : तिसरा टाकला तिनं. न सांगता. लोईस, चेहरा कसा आहे तिचा?

लोईस : तुझा होता ना त्या पहाटे, तसा.